पेपर स्प्रे: बाटलीत काय आहे आणि मोजणीत कोण नाही?

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात माणसं पहाटेच मोहफुलं वेचायला जातात. नजर जमिनीवर, दोन्ही हात कामात, शेजारी टोपली. मोहफुलं अस्वलालाही आवडतात, आणि झुडपाआड वाघ असू शकतो. मग कुणीतरी सुचवतं, "यांना पेपर स्प्रे द्या ना!" सूचना चांगली वाटते. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर आधी या बाटलीचा इतिहास बघा.

नावात 'पेपर' असलं तरी आत मिरी नसते, मिरचीचा अर्क असतो. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. तिच्यातल्या झोंबणाऱ्या पदार्थाला 1876 मध्ये जॉन थ्रेश यांनी कॅप्सायसिन हे नाव दिलं. तो नेमका का झोंबतो, याचं उत्तर मिळायला 1997 उजाडलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने चेतापेशींवरचा ग्राही शोधला. हाच ग्राही साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेलाही प्रतिसाद देतो. म्हणजे तिखटाने 'आग होते' हे आपलं म्हणणं शरीराच्या हिशोबाने खरंच आहे. या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं.

वापर मात्र या उत्तराची वाट बघत थांबला नव्हता. अमेरिकेत 1960 च्या दशकातच पोस्टमन कुत्र्यांपासून वाचायला असा फवारा जवळ ठेवू लागले. पुढे मोंटाना विद्यापीठात कॅरी हंट या विद्यार्थिनीने बंदिस्त अस्वलांवर वेगवेगळे उपाय तपासले, त्यात हा फवाराही होता. तो तिचा 1984 चा पदव्युत्तर प्रबंध. छोटा प्रबंध कुठवर जातो ते बघा!

2008 मध्ये टॉम स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या 1985 ते 2006 या काळातल्या 83 घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत 92 टक्के वेळा फवाऱ्याने त्यांचं वागणं थांबलं होतं. हा आकडा आता सगळीकडे सांगितला जातो.

इथे थांबा. या 83 घटना कोणत्या? ज्यात फवारा मारला गेला त्या. ज्याला बाटली काढायलाच वेळ मिळाला नाही, तो या मोजणीत नाही. आकडा चुकीचा नाही. तो "मारता आला तर काय होतं" याचं उत्तर देतो. मोहाखाली वाकलेल्या बाईचा प्रश्न वेगळा आहे: मारता येईल का?

आपल्याकडचं अस्वल बऱ्याचदा अचानक, अगदी जवळून अंगावर येतं. वाघ तर लपून, बहुतेकदा मागून येतो. फवारा जातो काही मीटर, आणि वारा उलटा असेल तर आपल्याच डोळ्यांत. म्हणून गटाने जाणं, आवाज करत राहणं, एकाने नजर ठेवणं हे साधे उपाय बाटलीच्या आधी येतात. त्यांनी मिळालेल्या दोन-चार सेकंदांतच बाटली कामाची ठरते.

उद्या तुम्ही या भागात असा अभ्यास करायचं ठरवलंत, तर प्रश्नावलीत "फवारा मारला का?" एवढंच विचारू नका. अंतर किती होतं, हात मोकळे होते का, प्राणी आधी दिसला का, हेही विचारा. आणि ज्यांनी फवारा मारलाच नाही, त्यांच्या घरीही जा.