बोरीबाभळीतली बोर

मराठीने बोरीला बागेत फारसे बसवले नाही. 'बोरीबाभळी' हा जोडशब्दच पाहावा: जिथे दुसरे काही येत नाही, तिथली ही झाडे. वैदिक यज्ञविधीत मात्र बदर, कुवल आणि कर्कंधू असे बोरांचे भेद वेगळे ओळखलेले दिसतात. शबरीची उष्टी बोरे वाल्मीकिरामायणात नाहीत. ती नंतरच्या भक्तिपरंपरेची देणगी. कुणी न लावलेल्या झाडाचे फळ देवाला चालते, हे सांगायला बोराहून योग्य फळ कोणते?

या उपेक्षेचा अर्थ करमाळ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात नीट कळतो. बोरीचे सोटमूळ खोल जाते, ऐन उन्हाळ्यात ती पाने गाळून निजते आणि पावसाळ्यात फुलून हिवाळ्यात पिकते. दुष्काळाशी तिने हा करार फार पूर्वीच केला होता. शासनाला तो उशिरा उमगला. 1972च्या दुष्काळातून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला 1990मध्ये फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि डाळिंब-सीताफळांबरोबर बोरही अनुदानाच्या यादीत आले. सोलापूर जिल्ह्याच्या माळांवर उमराण बोरांच्या बागा उभ्या राहिल्या. बांधावरची बोर प्रथमच ओळीत लागली.

पण त्याआधीच, 1980मध्ये, भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले होते. करमाळ्याच्या ज्या कडेला त्याचे पाणी पोहोचले, तिथे ऊस आला, पुढे केळीही आली. पाणी आले की कोरडवाहू झाडाची किंमत उतरते. आम्हांला यात शेतकऱ्याचा दोष दिसत नाही. प्रश्न एवढाच, की उजनी तळ गाठते त्या वर्षी उसाला काय सांगायचे?

म्हणून परसातल्या एका बोरीचेही मोल आम्हांला वाटते. तिला स्थलांतर मानवत नाही. बी जागेवरच पेरावे, गावठी रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर उमराण किंवा मेहरूणचा डोळा भरावा. फळ नव्या फुटीवर धरते, म्हणून वैशाखात पानगळीच्या वेळी छाटणी करावी. पहिली वर्षे थोडे पाणी द्यावे. मग ती आपले आपण पाहते.

संक्रांतीनंतर बोरन्हाणात लेकराच्या डोक्यावरून बोरे आणि उसाचे करवे एकत्रच ओततात. शेतात मात्र उसाने बोरीला जागा ठेवलेली नाही. निदान बोरन्हाणाची बोरे तरी विकत आणावी लागू नयेत.