कळसूत्री देहाचे शारीर

अर्धा सजीव आणि अर्धा यांत्रिक असा देह ही कल्पना पाश्चात्त्य विज्ञानकथेबरोबर आपल्याकडे आली, असा एक सर्वसाधारण समज आहे. 'सायबोर्ग' हा शब्द मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी १९६० साली अंतराळप्रवासाच्या संदर्भात घडवला. 'यंत्रमानव' हा आपला शब्दही भाषांतरातून आल्यासारखाच वाटतो. शब्दांपुरता हा समज मान्य करता येईल; कल्पनेपुरता तो टिकत नाही. गोदावरीच्या काठी सांगितल्या गेलेल्या कथांपासून ही कल्पना आपल्या सोबत आहे आणि तिला बऱ्यापैकी तपशीलवार असे देहशास्त्रही आहे.

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये देहाची रचना ज्या विभागात सांगितलेली असते, त्याला 'शारीरस्थान' म्हणतात. यंत्रदेहाचेही असे एक शारीरस्थान कथा, शिल्पग्रंथ, ज्योतिष आणि भक्तिवाङ्मय यांत विखुरलेले आहे. ते एकत्र करून वाचताना आम्हांस एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माणसाने आपल्या सोयीचा देह कल्पनेने रचला, तेव्हा त्याला कोणते अवयव दिले आणि कोणते नाकारले? दिलेल्या अवयवांवरून रचणाऱ्याचे कौशल्य कळते. त्याची वासना मात्र नाकारलेल्या अवयवांवरूनच कळते.

सोमप्रभेची करंडी

गुणाढ्याची 'बृहत्कथा' पैठणच्या, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानच्या, सातवाहन दरबाराशी जोडली जाते. पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिलेली सात लक्ष श्लोकांची कथा राजाने नाकारली. गुणाढ्याने ती रानात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान अग्नीत टाकले आणि एक लक्ष श्लोक तेवढे उरले, अशी आख्यायिका आहे. मूळ ग्रंथ लुप्त झाला, पण त्याची रूपांतरे राहिली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी 'कथासरित्सागर' रचला. नेपाळात बुधस्वामीच्या 'बृहत्कथाश्लोकसंग्रहा'ची हस्तलिखिते मिळाली. एकमेकांपासून इतक्या दूरच्या या दोन्ही रूपांतरांत आकाशगामी यंत्रे आणि ती घडवणारे कारागीर आढळतात. त्यामुळे यंत्रांचे हे वेड मूळ कथापरंपरेतलेच असावे, असे मानण्यास जागा आहे.

'कथासरित्सागरा'त मयासुराची कन्या सोमप्रभा आपल्या मैत्रिणीसाठी, कलिंगसेनेसाठी, करंडीभर लाकडी बाहुल्या घेऊन येते. खुंटी दाबताच एक बाहुली आकाशमार्गे जाऊन माळ घेऊन येते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी बोलते. कलिंगसेनेला नवल वाटते, तेव्हा सोमप्रभा तिला या खेळण्यांमागचे शास्त्र सांगते. पृथ्वीतत्त्वाचे यंत्र दारे मिटण्यासारखी कामे करते. जलयंत्रातील आकृती सजीव भासते. तेजाचे यंत्र ज्वाळा टाकते. वायुयंत्र येरझारा घालते. आणि आकाशयंत्र बोलते.

ही विभागणी केवळ कवीची लहर म्हणून सोडून देता येत नाही. शब्द हा आकाशाचा गुण हे भारतीय दर्शनांतले प्रसिद्ध मत आहे. म्हणून वाणी आकाशयंत्राकडे गेली. गती ही वायूची, म्हणून येणेजाणे त्याच्याकडे. मुख्य म्हणजे ज्या पंचमहाभूतांतून माणसाचा देह घडतो, त्यांतूनच ही बाहुली घडते. दोघांचे द्रव्य एकच आहे. आधुनिक विज्ञानकथेत मांस आणि धातू यांच्यामध्ये जी भिंत असते, ती येथे नाही. सजीव आणि यांत्रिक यांच्यातला फरक येथे जातीचा राहत नाही, प्रमाणाचा होतो.

बोलत नाही ते गाव

त्याच ग्रंथात राज्यधराची कथा आहे. राज्यधर आणि त्याचा थोरला भाऊ प्राणधर हे कांची नगरीतले सुतार, यंत्रविद्येत निष्णात. प्राणधराने दोरीने चालणारे लाकडी हंस केले आणि त्यांच्याकरवी राजाच्या कोशातील रत्ने पळवली. चोरी उघडकीस आली, दोघे विमानांतून पळाले. राज्यधर समुद्राकाठच्या एका ओस नगरीत पोहोचला. एकटेपणा सोसवेना म्हणून त्याने लाकडाची माणसे घडवली: व्यापारी, स्त्रिया, नागरिक, सगळे गावच. पुढे नरवाहनदत्त या नगरीत येतो. बाजार भरलेला आहे, माणसे हिंडत आहेत, आणि तरीही ती जिवंत नाहीत हे त्याला उमगते. कारण कोणीच बोलत नाही.

यंत्रदेहाच्या इतिहासातला हा फार अर्थपूर्ण क्षण आहे. येथे सजीवतेची कसोटी हालचाल नाही, रूप नाही, कामही नाही, वाणी आहे. करंडीतली एक बाहुली बोलू शकते, मग राज्यधराच्या नगरीला वाणी का नाही? कथा उत्तर देत नाही. आमचा तर्क असा की, उत्तर नगरीच्या हेतूत आहे. राज्यधराला सोबत हवी होती, संवाद नको होता. बोलणारा माणूस प्रश्न विचारतो, नकार देतो, तक्रार करतो. मुकी प्रजा हे राज्य चालवणाऱ्याचे जुने स्वप्न आहे, आणि या सुताराचे नाव 'राज्यधर' असावे यात कथाकाराचा मिस्कीलपणा जाणवतो.

भूक नसलेले चाक

कथेतून शास्त्राकडे आलो की देहाचे आणखी तपशील मिळतात. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातील वास्तुग्रंथात 'यंत्रविधान' नावाचा ३१ वा अध्याय आहे. गणपतिशास्त्री यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत दोन खंडांत प्रकाशित झाला. म्हणजे तो आधुनिक वाचकांपुढे येण्यात एका मराठी संस्थानाचा वाटा आहे. यात लाकडी पक्षी आहे, त्याच्या पोटात अग्नी आणि पारा आहे. दारावर उभे राहणारे, विडा देणारे, पाणी शिंपडणारे, वंदन करणारे लाकडी सेवक आहेत. सांध्यांत खिळी, आत सूत्रे आणि शलाका, वरून चामडे. हाडे, स्नायू आणि त्वचा यांचा हा प्रतिदेह आहे; आणि वरचे चामडे तर खऱ्या प्राण्याचेच. 'अर्धसेंद्रिय' हे विशेषण येथे अक्षरशः लागू पडते.

हा ग्रंथ यंत्रांची प्रतवारीही लावतो: स्वतः चालणारे, एकदा ढकलले की चालणारे, आडून चालवायचे, जवळून चालवायचे. सर्वांत श्रेष्ठ अर्थात स्वयंवाहक. संपूर्ण रचना मात्र तो सांगत नाही; ज्ञान नाही म्हणून नव्हे, गुप्तता राखण्यासाठी, असे स्पष्टीकरण देतो.

स्वयंवाहकाचे हेच स्वप्न भास्कराचार्यांनीही पाहिले. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. ग्रंथातील यंत्राध्यायात हलक्या लाकडाचे एक चाक वर्णिले आहे. त्याच्या पोकळ, किंचित वाकड्या आऱ्या पाऱ्याने अर्ध्या भरायच्या. पारा एका बाजूस मुळाकडे, दुसऱ्या बाजूस टोकाकडे धावेल आणि चाक आपोआप फिरत राहील. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आज शाळेत शिकवला जातो. त्यानुसार असे चाक कायम फिरणे शक्य नाही. परंतु कल्पनेच्या इतिहासात त्याचे स्थान अढळ आहे. पारा हे या यंत्रदेहाचे रक्त आहे, आणि या देहाला पोट नाही. राज्यधराच्या माणसांना जीभ नव्हती. भास्कराचार्यांच्या चाकाला भूक नाही.

यंत्रारूढ कोण?

येथवर माणूस यंत्राला देह देत होता. भक्तिपरंपरेत दिशा उलटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात सर्व भूतमात्रांना 'यंत्रारूढ' म्हटले आहे. ईश्वर हृदयात राहून मायेने त्यांना फिरवतो. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत सूत्राने चालणाऱ्या लाकडी बाहुलीचा दृष्टांत येतो. मराठीत 'कळसूत्री बाहुली' हा वाक्प्रचार रूढ झाला. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही कला आजवर जपली असून, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली जाहीर झालेल्या पद्मश्रीमुळे तिची दखल देशाने घेतली.

मात्र संतांच्या दृष्टांतात एक अट आहे, ती विसरता येत नाही. तेथे सूत्र ईश्वराच्या हाती आहे. एका माणसाचे सूत्र दुसऱ्या माणसाच्या हाती दिलेले नाही. ही अट सुटली की अध्यात्माचे रूपांतर वेठीत होते.

वेठ आणि 'रोबो'

'वेठ' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. चेक नाटककार कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले, १९२१ मध्ये प्रागमध्ये रंगभूमीवर आले, आणि 'रोबो' हा शब्द त्यातून जगभर गेला. त्याचे मूळ चेक भाषेतील 'रोबोता', म्हणजे वेठबिगार. पुष्कळांना ठाऊक नसते की चापेकचे रोबो लोखंडी नाहीत. ते कृत्रिम जैविक द्रव्यातून, पिंपांत मळून, कारखान्यात घडवलेले देह आहेत. म्हातारा रोसुम शरीरशास्त्रज्ञ. त्याला निसर्गाची हुबेहूब नक्कल करायची होती. त्याचा अभियंता पुतण्या व्यवहारी. त्याने हिशेब केला की कामगाराला जे लागत नाही ते देहात ठेवण्याचे कारण नाही, आणि कामाशी संबंध नसलेले सर्व काही काढून टाकले. या रोबोंना भावना नाहीत, अपत्यही होत नाही.

सजीव देह कामापुरता छाटण्याची ही कल्पना चापेकने इशारा म्हणून लिहिली होती. आमच्याकडे मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत नेमका उलट प्रश्न येतो: प्रगत यंत्रमानवाला स्वतःची प्रतिकृती घडवता आली तर काय होईल? दोन्हीकडे कळीचा अवयव एकच. जनन, म्हणजे आपल्यानंतरचे जग आपण घडवण्याची शक्ती. चापेकच्या कारखान्यात ती काढून टाकली जाते. नारळीकरांच्या कथेत तिचीच भीती वाटते.

एक कोयता

हा सगळा प्रवास आम्हांस नांदूरघाटच्या परिसरात बसून लिहावासा वाटला, त्याला कारण आहे. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटच्या डोंगररांगांचा, बेभरवशाच्या पावसाचा प्रदेश. दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो. हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यांत होतो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादम विचारतो, यंदा किती कोयते?

भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी या शब्दापाशी थांबले पाहिजे. हत्यारावरून माणसाचे नाव पडणे नवे नाही. परंतु दोन देह आणि एक पाते मिळून एक एकक होते, आणि त्यातला एक देह वेगळा झाला की दुसरा पूर्ण माणूस न राहता 'अर्धा' ठरतो, हे केवळ नामकरण नव्हे. ही शरीररचना आहे. अर्धसेंद्रिय, अर्धयांत्रिक, आणि कल्पित नाही.

या देहातून काय काढले गेले? राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे मांडले. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. कारणे एकाच धाग्याची नाहीत. कोवळ्या वयातले लग्न आणि बाळंतपणे, फडात पाणी आणि शौचालय नसणे, त्यातून होणारे आजार, कर्करोगाची घातलेली भीती, शस्त्रक्रियेसाठी घेतलेले कर्ज, आणि 'खाडा'. कामाचा एक दिवस चुकला की त्याला खाडा म्हणतात, आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. मासिक पाळीचे दिवस या हिशेबात बसत नाहीत.

या बायकांना आम्ही यंत्र म्हणत नाही. तसे म्हणणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय ठरेल. आम्ही म्हणतो ते एवढेच की, ज्या हिशेबाने त्यांना मोजले, त्या हिशेबाचे शारीरस्थान जुने आहे. मुकी नगरी, भूक नसलेले चाक, अपत्यहीन रोबो: प्रत्येक कल्पनेत श्रम हवे होते आणि श्रमाला चिकटून येणारे जिवंतपण नको होते. कथेत जे लाकडावर आणि पाऱ्यावर झाले, ते येथे शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाले. रोसुमच्या पुतण्याला निदान स्वतः हिशेब मांडावा लागला होता; येथे तो कोणा एकाने मांडला असे दाखवताही येत नाही.

मराठी विज्ञानकथेने यंत्रमानवाविषयी पुष्कळ लिहिले. ग्रामीण आणि दलित साहित्याने श्रमिकाच्या देहाविषयी लिहिले. हे दोन प्रवाह एकमेकांना फारसे भेटले नाहीत. समीक्षेनेही त्यांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवले. हे वर्गीकरण मोडण्याची गरज आहे असे आम्हांस वाटते, कारण दोन्हीकडे विषय एकच आहे: देहातले काय वगळले की माणूस 'उपयोगी' होतो?

नरवाहनदत्ताने राज्यधराची नगरी ओळखली ती तिथल्या शांततेवरून. कोयत्यांच्या मोजणीतही अनेक वर्षे अशीच शांतता होती. २०१९ साली ती मोडली, कारण बायका सर्वेक्षण करणाऱ्यांशी आणि पत्रकारांशी बोलल्या. आपले दुखणे, वय, कर्ज त्यांनी स्वतः सांगितले. सोमप्रभेच्या शास्त्रात वाणी हे सर्वांत सूक्ष्म तत्त्वाचे काम मानले आहे. त्यांचे बोलणे ऐकून नोंदवून ठेवणे, हे मराठीच्या अभ्यासकांच्या हाती असलेले काम आहे.