वेल्श माणसाचा डीएनए काय सांगतो?

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ देश. लोकसंख्या जेमतेम ३१ लाख. वेल्श हेच ‘मूळचे ब्रिटन’, बाकीचे मागाहून आलेले, हा समज जुना आहे. डीएनए अभ्यासातून तो अर्धाच खरा ठरला.

मूळचे कोण?

गोवर द्वीपकल्पातल्या पेव्हिलँड गुहेत १८२३ मध्ये गेरूने लाल झालेला सांगाडा सापडला. नाव पडलं ‘रेड लेडी’. प्रत्यक्षात तो पुरुष निघाला, सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा. पण पुढे हिमयुगाच्या कडाक्यात ब्रिटन ओस पडलं. बर्फ ओसरल्यावर शिकारी टोळ्या आल्या. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी शेतकरी आले. साडेचार हजार वर्षांपूर्वी विशिष्ट घडणीची मातीची भांडी वापरणारे ‘बीकर’ लोक आले आणि काही शतकांतच ब्रिटनचा सुमारे ९० टक्के जनुकीय वारसा बदलला, असं २०१८ चं संशोधन सांगतं. म्हणजे ‘मूळचे’ही बाहेरूनच आलेले!

मग वेल्श वेगळे का? पाचव्या शतकापासून आलेले अँग्लो-सॅक्सन प्रामुख्याने पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे वसले. वेल्समध्ये त्यांचा शिरकाव कमी झाला, त्यामुळे जुना वारसा तिथे जास्त टिकला.

उत्तर आणि दक्षिण

२०१५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ब्रिटनचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले, अशा २,०३९ ग्रामीण लोकांचे नमुने त्यासाठी तपासले होते. त्यात उत्तर आणि दक्षिण वेल्स स्वतंत्र गट म्हणून दिसले. पेम्ब्रोकशायर या एकाच परगण्याचेही उत्तर-दक्षिण असे दोन गट पडले. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा पहिला हेन्री याने इथल्या दक्षिण भागात फ्लेमिश लोक वसवले. तेव्हापासून दक्षिणेत इंग्रजी, उत्तरेत वेल्श, अशी भाषेची सीमा राहिली. तिला ‘लँडस्कर’ म्हणतात.

याच अभ्यासात सगळ्या ‘केल्टिक’ प्रदेशांचा मिळून एक गट काही सापडला नाही. कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड, प्रत्येकाची घडण निराळी.

रक्त आणि भाषा

२०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी वेल्श येत असल्याचं नोंदवलं. ही भाषा कुणाच्या जनुकांत नसते. ती घरात आणि शाळेत शिकावी लागते. डीएनए फार तर पूर्वज कुठून आले ते सांगतो. वेल्श कुणाला म्हणायचं, हे तो ठरवत नाही.