ताटात जेवला तो राजा

रेक्स इन्ग्रॅमचा ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ हा मूकपट 1922 सालचा. अँथनी होपच्या 1894 च्या कादंबरीवर बेतलेला. राज्याभिषेकाच्या ऐन वेळी राजा बेशुद्ध, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा एक इंग्रज सिंहासनावर बसतो आणि राजाच्या वाग्दत्त वधूच्या प्रेमात पडतो. राजा आणि तोतया, दोघेही लुईस स्टोननेच रंगवले. सगळी मदार चेहऱ्यावर.

आपल्याकडे तोतयाची गोष्ट कादंबरीच्या कितीतरी आधी साताऱ्याच्या गादीभोवती घडली. तिथे चेहऱ्याला फारसे कोणी विचारले नाही.

1689 मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला तेव्हा त्यांच्या कैदेत गेलेला संभाजीराजांचा मुलगा शाहू सात वर्षांचा होता. 1707 मध्ये मोगलांच्या छावणीतून सुटून आला तो पंचविशीतला जवान. गादी सांभाळणाऱ्या त्याच्या चुलती ताराबाईंनी सांगून टाकले, हा तोतया आहे. अठरा वर्षांपूर्वीच्या पोराचा चेहरा ओळखणार तरी कोण? परंपरा सांगते, की सरदार परसोजी भोसले शाहूबरोबर एका ताटात जेवायला बसले आणि सरदारांचा संशय फिटला. खेडच्या लढाईच्या वेळी ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधवही शाहूला मिळाले. जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यात शाहूचा राज्याभिषेक झाला.

डिसेंबर 1749 मध्ये शाहू निपुत्रिक वारले आणि तोच डाव उलटा मांडला गेला. आता ताराबाईच म्हणत होत्या, की लपवून वाढवलेला रामराजा हा माझा नातू. त्या वेळी अडून बसले रघूजी भोसले, परसोजींच्याच घराण्यातले. त्यांची अट अशी, की ताराबाईंनी भाऊबंदांसमक्ष रामराजाबरोबर जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन नाते सांगावे. ताराबाई जेवल्या, शपथ घेतली, रघूजींचे समाधान झाले. मात्र रामराजा पेशव्यांविरुद्ध आपल्या मुठीत राहत नाही असे दिसताच ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले, आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, की हा माझा नातू नव्हेच. दोन शपथा, दोन्ही सोयीच्या. कोणत्याही पटकथाकाराला हे सुचले नसते.

पुण्याच्या तोतयाला असे ताट मिळाले नाही. पानिपतावर पडलेले पेशव्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ म्हणून वावरणारा हा कनोजी ब्राह्मण माधवराव पेशव्यांच्या काळात तोतया ठरून कैदेत पडला. 1776 मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडले आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. भाऊ परत यावा ही लोकांची आसच त्याचे खरे सैन्य होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई नवरा जिवंत आहे असे मानूनच जगत होत्या. ‘झेंडा’तल्या वाग्दत्त वधूपेक्षा या बाईंची कहाणी मला जास्त चटका लावते. न. चिं. केळकरांनी पुढे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, ते याच प्रकरणावर.

महादजी शिंद्यांच्या फौजांनी बंड मोडले, आंगऱ्यांनी तोतयाला पकडले आणि 1776 संपण्याआधी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर, पेशव्यांच्याच संमतीने, रामराजा होता. खुद्द आजीने खंडोबासमोर खोटा ठरवलेला हा माणूस डिसेंबर 1777 मध्ये वारला, तो छत्रपती म्हणूनच.