वारांचे ताट

बदलीच्या नोकरीत माणसाची हवा बदलते, शेजार बदलतो, कानावर पडणारी भाषा बदलते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याचे वारही बदलतात, ही गोष्ट आमच्या ध्यानी जरा उशिराच आली. मुंबईस असताना सोमवार, गुरुवार व शनिवार हे शाकाहाराचे, तर बुधवार, शुक्रवार व रविवार हे मासळीचे, असा आमच्या घरचा परिपाठ होता, आणि कोपऱ्यावरचा खानावळवालाही त्याच हिशेबाने बाजार करी. पुढे उत्तरेत बदली झाली. पहिल्याच मंगळवारी तेथील एका भोजनगृहात आम्ही मटण मागितले, तेव्हा वाढप्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की चूक न सांगताच उमगली. तिकडे मंगळवार हा मारुतीचा वार. त्या दिवशी राजमा-भात खाऊन आम्ही घरी परतलो, पण एक प्रश्न मनात घोळत राहिला : अमक्या वारी अमका पदार्थ, हा उपाहारगृहांचा रिवाज मुळात आला कोठून?

हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक ओढण्यासाठी लढवलेली ही युक्ती, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पाश्चात्त्य देशांतील अशा जुन्या पदार्थांचा माग काढीत गेले, तर पुष्कळदा तो उपवासापाशी जाऊन पोहोचतो. येशू ख्रिस्तास शुक्रवारी क्रुसावर चढविले, म्हणून रोमन कॅथलिक लोक त्या दिवशी मांस वर्ज्य करीत. मासळी मात्र चाले. स्वीडनमध्ये गुरुवारी पिवळ्या वाटाण्यांचे, डुकराचे मांस घातलेले दाट सूप आणि त्यामागून गोड धिरडी खाण्याची चाल आहे. शुक्रवारच्या निर्बंधाआधी पोटभर जेवून घ्यावे, यातून ती निघाली असे मानतात. सोळाव्या शतकात स्वीडनने पोपची सत्ता झुगारली, ल्यूथरचा पंथ स्वीकारला, आणि शुक्रवारचा निर्बंध सुटला. गुरुवारचे सूप मात्र तेथील सैन्यात व दुपारच्या भोजनगृहांत आजही मिळते. म्हणजे उपवास गेला, आणि त्याच्या आदल्या दिवशीचे जेवण तेवढे उरले! श्रावण न पाळणारे, पण आषाढी अमावास्येची मेजवानी न चुकविणारे आमचे काही स्नेही आहेत. त्यांस हे ऐकून धीर येईल.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याची हकीकतही अशीच आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे जर्मन व पोलिश कॅथलिक मोठ्या संख्येने येऊन वसले. शेजारी मिशिगनसारखे अफाट सरोवर असल्याने मासळी स्वस्त होती. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि बिअर विकून पोट भरणाऱ्या पिठेवाल्यांवर संकट कोसळले. त्यांतील अनेकांनी शुक्रवारी तळलेली मासळी विकून धंदा सावरला. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, बिअर परत आली. पण शुक्रवारची मासळी गेली नाही.

सिनसिनाटी शहरातील प्रसंग तर अधिकच बोलका आहे. मॅकडोनाल्ड कंपनीचे तेथील एक दुकान लू ग्रोएन हे गृहस्थ चालवीत. वस्ती बहुतांशी कॅथलिक, त्यामुळे शुक्रवारी दुकान ओस पडे. त्यांनी पावात तळलेल्या मासळीचा तुकडा घालून विकण्याचे ठरविले. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांच्या मनात मात्र अननसाची चकती घातलेला पाव होता. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही पदार्थ विक्रीस ठेवण्यात आले. ग्रोएन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे मासळीचे ३५० पाव खपले, अननसाचे सहा! पुढे १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले, आणि अमेरिकेतील धर्माध्यक्षांनीही वर्षभरातील बहुतेक शुक्रवारांचे बंधन काढून घेतले. मासळीचा तो पाव तोवर रोजचा झाला होता, आणि विस्कॉन्सिनमधील शुक्रवारच्या पंगती आजही उठलेल्या नाहीत.

धर्माप्रमाणे राजसत्तेनेही वार ठरवून पाहिले आहेत. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत १५६३ मध्ये बुधवार हा मासळीचा वार म्हणून कायद्याने नेमला गेला. हेतू पुण्याचा नव्हता. कोळ्यांचा धंदा चालावा आणि आरमारास खलाशी मिळावेत, हा होता. लोकांनी तो कायदा मनापासून कधीच पाळला नाही, आणि त्याच राणीच्या कारकीर्दीत ते कलम रद्द झाले. आपल्याकडे १९६५ साली अवर्षण, युद्ध व परदेशी गव्हावरील परावलंबन अशा कात्रीत देश सापडला असता पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारी संध्याकाळी घरोघरी चुली पेटल्या नाहीत. अनेक हॉटेलांनीही दारे लावून घेतली. येथे सक्ती नव्हती, आणि लोकांनी ते व्रत मनोभावे पाळले. पण निकड संपली तसे तेही संपले.

तिसरा हात व्यापाराचा. अमेरिकेत मंगळवारी टाको हा मेक्सिकन पदार्थ स्वस्तात देण्याची पद्धत पडली, याचे एक कारण मंगळवार हा मंदीचा दिवस, आणि दुसरे, दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच. १९८९ मध्ये एका कंपनीने ‘टाको ट्यूजडे’ या शब्दांवर हक्क नोंदविला; प्रतिस्पर्ध्याने त्यास आव्हान दिल्यावर २०२३ मध्ये तो तिने सोडला. वार कोणा एकाच्या मालकीचा राहू शकत नाही, हेच खरे.

या सर्वांवरून आम्हांस एक गोष्ट दिसते. वार नेमून देणारा कोणीही असो, तो पदार्थ टिकला तो चार माणसे एकत्र बसून खाऊ लागली तेथे. नियम उठल्यावरही लोक येत राहिले, ते परस्परांच्या ओढीने.

हे आम्ही परप्रांतस्थ मराठी कुटुंबांपुढे मुद्दाम मांडीत आहोत. आपल्या घरचे वार आईने किंवा आजीने एकटीने पाळलेले असतात, म्हणून ते बदलीच्या सामानात बांधले जात नाहीत. आमचे गुरुवार तिसऱ्या बदलीतच कोठेतरी राहिले. आमची मुले मंगळवार पाळतात, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र आपला म्हणून एखादा वार त्यांच्याजवळ असावा, असे वाटते. तेव्हा आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे : दर बुधवारी रात्री पिठले-भाकरी, आणि शेजारच्या दोन-तीन घरांस, मग ती कोणत्याही प्रांतातील असोत, आमंत्रण. बुधवारच का, असे कोणी विचारले तर सांगण्याजोगे कारण आमच्यापाशी नाही. आणखी वीस वर्षांनी मुले ते शोधून काढतील.