महासाथीनंतरचा कालप्रवास : किशोरांसाठीच्या डिस्टोपियन कथा

एका विषाणूने जग उद्ध्वस्त केले आहे. बहुतेक मोठी माणसे मेली आहेत आणि उरलेल्यांनी कडक नियमांची राजवट बसवली आहे. अशा जगात वाढलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला भूतकाळात जाण्याची वाट सापडते. साथ सुरू होण्याआधीच ती थांबवू शकेल का? आणि थांबवली, तर त्या साथीनंतर जन्मलेल्यांचे काय?

किशोरवयीन आणि तरुण वाचकांसाठीच्या डिस्टोपियन साहित्यात ही कल्पना वेगवेगळ्या रूपांत भेटते. महासाथ, हुकूमशाही समाज आणि कालप्रवास हे तीन जुने कथाप्रवाह तिथे एकत्र येतात. ते कुठून आले, एकमेकांशी कसे जोडले जातात आणि यातल्या चांगल्या कथा नेमके काय विचारतात, ते या लेखात पाहू.

डिस्टोपिया म्हणजे काय?

आदर्श समाजाच्या कल्पनेला युटोपिया म्हणतात, आणि त्याच्या उलट, माणसाला गुदमरून टाकणाऱ्या समाजाला डिस्टोपिया. डिस्टोपियन कथेत केवळ संकट असून भागत नाही. त्या संकटाच्या नावाखाली उभी राहिलेली व्यवस्थाही लागते. भूकंपाची गोष्ट ही आपत्तिकथा झाली. भूकंपानंतर कोणी कुठे राहायचे, काय खायचे, कोणाशी बोलायचे हे एखादी समिती कायमचे ठरवू लागली, तर ती गोष्ट डिस्टोपियन होते.

लोइस लोरी यांची 'द गिव्हर' (१९९३) ही किशोरांसाठीच्या डिस्टोपियन कादंबऱ्यांमधली महत्त्वाची कृती मानली जाते. सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'ने (२००८) या प्रकाराला जगभर वाचक मिळवून दिले. त्यानंतरच्या काही वर्षांत अशा मालिकांची लाटच आली.

महासाथ : मोठी माणसे नसलेले जग

साथीने संपलेल्या जगाची कल्पना दोनशे वर्षे जुनी आहे. 'फ्रँकेन्स्टाइन'ची लेखिका मेरी शेली हिने 'द लास्ट मॅन' (१८२६) या कादंबरीत एकविसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने मानवजात नाहीशी होताना दाखवली. जॅक लंडनची 'द स्कार्लेट प्लेग' ही १९१२ मधली दीर्घकथा २०७३ साली घडते. साठ वर्षांपूर्वीच्या साथीतून वाचलेला एक म्हातारा प्राध्यापक आपल्या नातवंडांना जुन्या जगाची हकीकत सांगतो, पण रानटी अवस्थेत वाढलेल्या त्या मुलांना त्याचे निम्मे शब्दही कळत नाहीत. साथीनंतर जन्मलेली पिढी हा या साहित्याचा कायमचा विषय तिथेच दिसतो.

किशोर-साहित्याने या कल्पनेत एक बदल केला. साथ फक्त मोठ्यांना मारते, किंवा आधी मोठ्यांना गाठते. जॉन ख्रिस्तोफर यांच्या 'एम्प्टी वर्ल्ड' (१९७७) मध्ये रोग माणसाला झपाट्याने म्हातारे करून मारतो आणि नील हा शाळकरी मुलगा ओस पडलेल्या इंग्लंडमध्ये उरतो. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या 'द ट्राइब' (१९९९–२००३) या दूरचित्रवाणी मालिकेत विषाणूने सगळे प्रौढ मेले आहेत आणि मुलांच्या टोळ्या शहर चालवतात. चार्ली हिग्सन यांच्या 'द एनिमी' (२००९) मध्ये साधारण चौदा वर्षांवरील सगळे रोगाला बळी पडतात आणि जे मरत नाहीत, ते लंडनच्या रस्त्यांवर मुलांची शिकार करत फिरतात.

या योजनेमागे साधे कारण आहे. किशोरवयात स्वातंत्र्य हवे असते आणि आधारही हवा असतो. महासाथ एका फटक्यात पहिले देते आणि दुसरे काढून घेते. रोखणारे कोणी नाही, पण ताप आल्यावर उशाशी बसणारेही कोणी नाही.

साथ जाते, नियम राहतात

महासाथीला डिस्टोपिया चिकटतो तो नियमांमुळे. साथीत विलगीकरण, तपासणी आणि प्रवासबंदी लागते, हे कोणीही मान्य करेल. पण संकटासाठी आणलेला अधिकार संकट संपल्यावर परत घेतला जातो का, इथे कादंबरीकाराला विषय सापडतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे ब्रिटिश सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्या कारकिर्दीत गोऱ्या सोल्जरांनी घरांत शिरून तपासण्या केल्या. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेल्या हल्ल्यात झाली. याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. रोगाची भीती, सत्तेची भीती आणि माणुसकी, तिन्ही एकाच शहरात एकाच वर्षी दिसली. अवघ्या चार कलमांचा तो कायदा १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत पुन्हा वापरला गेला.

कादंबऱ्यांत हे टोकाला जाते. जेम्स डॅश्नर यांच्या 'द मेझ रनर' (२००९) या मालिकेत मेंदू पोखरणाऱ्या साथीवर उपाय शोधण्यासाठी एक संस्था मुलांच्या आठवणी पुसून त्यांना भूलभुलैयात कोंडते. उद्देश जीव वाचवण्याचा, पण वापरले जातात ते मुलांचे जीव. या मालिकेत कालप्रवास नाही. तरी साथीला सूड किंवा प्रयोग यांची जोड कशी मिळते, हे समजायला ती उपयोगी आहे.

कालप्रवासाचे तीन नियम

आता तिसरा प्रवाह. एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन'पासून (१८९५) कालयंत्र रूढ झाले. पण यंत्र कसे चालते यापेक्षा ते काय करू देते, हे कथेसाठी महत्त्वाचे असते. ढोबळमानाने तीन नियम दिसतात.

पहिला : भूतकाळ बदलत नाही. टेरी गिलियम यांच्या '१२ मंकीज' (१९९५) या चित्रपटात विषाणूने पाच अब्ज माणसे मेली आहेत आणि उरलेले जमिनीखाली राहतात. कोल या कैद्याला मागे पाठवले जाते ते साथ थांबवण्यासाठी नव्हे. मूळ विषाणूची माहिती मिळवायची, म्हणजे पुढच्या काळात औषध करता येईल, एवढाच हेतू असतो. हा चित्रपट किशोरांसाठी नाही, पण साथ आणि कालप्रवास यांच्या जोडीचा तो ठळक नमुना आहे.

दुसरा : भूतकाळ बदलतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. क्रिस्टिन टेरिल यांची 'ऑल अवर यस्टरडेज' (२०१३) ही किशोर-कादंबरी असे करते. इथे साथ नाही, पण कालयंत्रामुळेच जुलमी राजवट उभी राहिली आहे. कैदेतल्या एमला कोठडीतल्या गटाराच्या जाळीखाली स्वतःच्याच हस्ताक्षरातली यादी सापडते. आधी किती वेळा प्रयत्न फसले, ते त्यात लिहिलेले असते. शेवटचा उपाय एकच उरतो : कालयंत्र बनवणाऱ्याला ते बनण्याआधीच मारणे. आणि तो मुलगा तिला एके काळी जिवापाड आवडत असे.

तिसरा : बदल केला की वेगळे जग फुटते, आणि जुने आपल्या जागी राहते. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचा एक प्राध्यापक अशा जगात पोहोचतो, जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. कथेत साथ नाही आणि यंत्रही नाही. पण 'तो दिवस वेगळा गेला असता तर' हा प्रश्न तोच आहे, आणि मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे.

एक कादंबरी जवळून : 'डूम्सडे बुक'

(या भागात कथानक उघड होते.)

कॉनी विलिस यांची 'डूम्सडे बुक' (१९९२) प्रौढांसाठी प्रसिद्ध झाली, पण तिची नायिका विद्यार्थिनी आहे आणि दुसऱ्या धाग्यात बारा वर्षांचा कॉलिन महत्त्वाचा आहे. तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानसाहित्याचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले.

काळ २०५४, ठिकाण ऑक्सफर्ड. काही दशकांपूर्वी जगाने एक मोठी महासाथ सोसली आहे, त्यामुळे विलगीकरणाचे नियम तयारच आहेत. इतिहासाचे विद्यार्थी अभ्यासासाठी भूतकाळात जातात. किव्रिन १३२० सालात जायला निघते, आणि तिला पाठवणारा तंत्रज्ञ बद्री चौधरी लगेचच तापाने कोसळतो. ऑक्सफर्डमध्ये फ्लूची साथ पसरते, शहर बंद होते. किव्रिनला परत आणणार कोण? त्यातच ती पोहोचली आहे १३४८ मध्ये, म्हणजे प्लेग इंग्लंडमध्ये शिरला त्या वर्षी.

पुस्तकाची रचना या दोन साथींवर उभी आहे. २०५४ मध्ये प्रयोगशाळा आहे, लस येणार आहे. तिथे कॉलेजचा व्यवस्थापक टॉयलेट पेपर संपत आल्याच्या चिंतेत असतो. २०२० नंतर हा तपशील वाचणाऱ्याला हसू आणि काटा एकदमच येतो. १३४८ मध्ये मात्र फक्त प्रार्थना आहे. किव्रिनला प्लेगची लस दिलेली असल्याने ती वाचणार. तिने पुस्तकात वाचले आहे की युरोपची निदान एक तृतीयांश माणसे या साथीत गेली. पण आता त्या आकड्यात पाच वर्षांची अॅग्नेस आहे, बारा वर्षांची रोझमंड आहे, गावचा पाद्री रोश आहे. रोग कसा पसरतो हे तिला ठाऊक आहे. तरी ती त्यांतल्या एकालाही वाचवू शकत नाही.

मग तिच्या जाण्याचा उपयोग काय? तिच्या मनगटात नोंदयंत्र बसवले आहे. हात जोडले की ते सुरू होते, त्यामुळे पाहणाऱ्याला ती प्रार्थनाच करते आहे असे वाटते. ती सगळ्यांची नावे, शब्द, मृत्यू नोंदवते. १०८६ सालच्या इंग्लंडच्या प्रसिद्ध जमीन-पाहणीच्या नोंदवहीवरून या नोंदींना नाव मिळते आणि तेच कादंबरीचे शीर्षक होते.

पूर्ववत करण्याची किंमत

इथेच या साहित्याचा गाभा आहे. साथीत आप्त गमावलेल्या कोणालाही वाटते की घड्याळ मागे फिरावे. ही इच्छा खरी असते, म्हणून कालप्रवासाची कथा मनाला भिडते. पण साथ पुसली, तर साथीनंतर जुळलेली नाती आणि जन्मलेली मुलेही पुसली जातात. कालप्रवासाच्या चर्चेत 'आजोबांचे कोडे' नेहमी येते : मागे जाऊन आजोबांना मारले तर मारणारा जन्मलाच कसा? साथीच्या कथेत त्याची उलट बाजू पुढे येते. आजोबांना वाचवले, तर मी असेन का?

सुमार कथा बटण दाबून सगळे पूर्ववत करतात, आणि मेलेल्यांचे दुःख खोटे ठरवतात. चांगल्या कथांत प्रवासी फार तर साक्षीदार होतो, किंवा मागून आणलेली माहिती घेऊन पुढची साथ रोखतो. गेलेल्यांना परत आणता येत नाही. त्यांची नोंद ठेवता येते, चूक कोणाची होती ते शोधता येते आणि पुढच्यांना सावध करता येते. कालयंत्र नसलेल्या जगातही करता येण्याजोग्या याच गोष्टी आहेत.

कुठून सुरुवात करावी?

बारा-तेरा वर्षांच्या वाचकाने 'द गिव्हर'पासून सुरुवात करावी. छोटी आहे आणि भाषा सोपी आहे. त्यानंतर 'एम्प्टी वर्ल्ड'. कालप्रवासाची गुंतागुंत आवडत असेल तर पंधराच्या पुढे 'ऑल अवर यस्टरडेज'. 'डूम्सडे बुक' जाड आहे, सुरुवातीला संथ वाटते आणि त्यात मुलांचे मृत्यू सविस्तर येतात. त्यामुळे ती सोळा-सतराव्या वर्षी, शक्यतो घरातल्या मोठ्यांनीही सोबत वाचावी. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मात्र कोणत्याही वयात एका बैठकीत वाचून होते, आणि मराठीतून या प्रश्नाकडे वळायला त्याहून सोयीची वाट नाही.