उलटी थांबवायची गोळी: कुत्रा, मांजर आणि चिचुंद्रीची गोष्ट

आजचा भाग खास शिरूर-दौंडकडच्या श्रोत्यांसाठी. तिकडे वाडी-वस्तीवर मेडिकल दुकान जवळ असतं आणि जनावरांचा डॉक्टर लांब. मग कुत्र्याला उलट्या सुरू झाल्या की घरात कुणीतरी म्हणतंच, "आपलीच गोळी अर्धी करून देऊ का?" द्यायची नाही. का, ते समजून घ्यायला जरा मागे जाऊ.

बरीचशी औषधं आधी उंदरांवर तपासतात. पण उंदराला उलटी करताच येत नाही! म्हणून उलटीचा अभ्यास कुत्र्या-मांजरांवर झाला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हर्बर्ट बोरिसन आणि शिह-चुन वांग या दोघांनी दाखवलं, की मेंदूच्या तळाशी एक छोटीशी जागा रक्तातलं विष ओळखते आणि उलटीचा हुकूम सोडते. ॲपोमॉर्फिन टोचलं की कुत्रा लगेच ओकतो. ती जागा निकामी केली, की ओकत नाही. मांजरावर मात्र हेच औषध फारसं चालत नाही. म्हणजे दोघांची वायरिंगच वेगळी.

१९६४ मध्ये फ्रान्समधून मेटोक्लोप्रामाइड आलं. ते याच जागेवरचा डोपामिनचा दरवाजा बंद करतं, म्हणून मांजरात त्याचा उपयोग कमी. शिवाय ते जठराला पुढे ढकलायला लावतं. कुत्र्याने आंब्याची कोय किंवा मक्याचं बुरकुंड गिळलं असेल आणि ते आतड्यात अडकलं असेल, तर हे औषध म्हणजे तुंबलेल्या पाइपात पंप चालू करणं.

पुढे कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांसाठी ऑन्डॅनसेट्रॉन आलं, १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या मागेपुढे, १९८७ मध्ये, जपानी संशोधकांनी एक नवा प्राणी सुचवला: चिचुंद्री! रात्री भिंतीकडेने पळणारी, आपण हाकलतो तीच. ती सहज ओकते, नुसती हलवली तरी.

कुत्र्यांसाठीच बनवलेलं मॅरोपिटंट अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं, मांजरांसाठी २०१२ मध्ये. ते उलटीच्या वाटेवरचा जवळजवळ शेवटचा दरवाजा बंद करतं, त्यामुळे कारण काहीही असो, उलटी बहुतेक थांबते. आता डोस बघा. आजारातल्या उलटीसाठी गोळीतून किलोला २ मिलिग्रॅम, पण गाडी लागू नये म्हणून किलोला ८. चौपट फरक! अंदाजाने अर्धी-पाव करायची ही गोष्टच नाही.

खरी मेख पुढे आहे. आमच्या धंद्यात एरर मेसेज लपवला म्हणून बग जात नाही. इथेही तसंच. उसाच्या पट्ट्यात फवारणीची औषधं, उंदराचं औषध घरोघरी. कुत्र्याने ते खाल्लं असेल, तर उलटी हा शरीराचा बचाव असतो. ती थांबवली की विष आतच राहतं, आणि वरून जनावर बरं दिसायला लागतं. १९७८च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्होतही उलटी थांबवणं गरजेचं असतं, पण सलाइन आणि बाकी उपचारांसोबत. नुसत्या गोळीवर पिल्लू वाचत नाही.

मग करायचं काय? वजन, काय खाल्लं, कधी खाल्लं, किती वेळा ओकलं, हे लिहून घ्या. विषाचा पुडा किंवा बाटली असेल तर सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. मांजराच्या जिभेखाली मांजा अडकलेला दिसला तर ओढू नका, आतडं चिरू शकतं. उलटीत रक्त असेल, पोट फुगलं असेल, उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही असं असेल, किंवा लस न झालेलं पिल्लू असेल, तर सकाळची वाट बघू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा आणि निघा.

गोळी वाईट नाही. आधी कारण, मग गोळी, एवढाच क्रम. भेटू पुढच्या भागात.